जुन्या टाकीतली खडी आणि एक तृतीयांशाचा नियम

वर्ष-दोन वर्षं नीट चाललेल्या गोड्या पाण्याच्या फिशटँकची तळाची खडी बदलायची आहे, असं कुणाही जुन्या शौकिनाला किंवा दुकानदाराला सांगून बघा. उत्तर ठरलेलं असतं. सगळी एकदम काढू नका. एक तृतीयांश काढा, तिथे नवी टाका, दोन-तीन आठवडे थांबा, मग पुढचा भाग. का? तर 'चांगले बॅक्टेरिया खडीत राहतात, ते गेले की अमोनिया वाढतो आणि मासे मरतात'.

सल्ला सावधपणाचा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या 'का'च्या उत्तराबद्दल आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा पहिलं सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर अशी वाक्यं तुम्हाला तुमच्या विषयातही ढिगाने भेटणार आहेत. सगळ्यांना माहीत असलेली, बऱ्यापैकी खरी वाटणारी, आणि शेजारी एक-दोन पेपर चिकटवलेली. तो पेपर उघडून बघितला की त्यात भलत्याच गोष्टीचं मोजमाप असतं. म्हणून आज ही खडी उकरून बघू.

पार्श्वभूमी थोडक्यात. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं अन्न कुजूनही तो तयार होतो. काही सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात आणि काही जण नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना घातक, नायट्रेट बराच सौम्य. शिवाय अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातलं विद्युतभार नसलेलं रूपच जास्त विषारी. २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम ०.६ टक्के भाग या रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग साधारण ५.४ टक्के होतो. म्हणजे टेस्ट किटवर रंग एकच दिसेल, पण बोअरच्या कठीण पाण्याच्या टाकीत तो जवळजवळ दहापट धोकादायक असेल. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तो दावा सुटा करू. 'बॅक्टेरिया खडीत असतात' या एका वाक्यात खरं तर चार वाक्यं लपलेली आहेत. खडीत नायट्रीकरण करणारे जीव असतात. टाकीच्या एकूण क्षमतेत त्यांचा वाटा मोठा असतो. गेलेली क्षमता भरून यायला आठवडे लागतात. आणि खडी बदलल्यावर जे मासे मरतात ते याच कारणाने मरतात. पहिलं वाक्य खरं आहे, त्यावर वादच नाही. गंमत अशी की पहिल्याचा पुरावा दाखवून उरलेली तिन्ही गळी उतरवली जातात.

या विषयात वारंवार पुढे केले जाणारे पेपर बघा. १९९६ साली टिमोथी होव्हानेक आणि एडवर्ड डिलाँग यांनी मत्स्यालयांतल्या जिवाणूंवर काम प्रसिद्ध केलं. पाठ्यपुस्तकं तोवर नायट्राइट खाणारा जीव म्हणून नायट्रोबॅक्टरचं नाव देत होती. यांना गोड्या पाण्याच्या टाक्यांत तो सापडलाच नाही. १९९८ च्या पेपरात त्यांनी नायट्रोस्पायरासारख्या जिवाणूंकडे बोट दाखवलं. होव्हानेक त्या काळात मत्स्यालयाचं साहित्य बनवणाऱ्या उद्योगाशी जोडलेले होते आणि पुढे त्यांनी जिवाणूंच्या बाटल्या विकणारी स्वतःची कंपनी काढली. पेपर वाचताना लेखकांच्या नावाखालची संस्था वाचायची सवय लावा ती यासाठी. पण तेवढ्यावरून निष्कर्ष फेकून द्यायचा नसतो. नायट्रोस्पायराचं महत्त्व नंतर इतर अनेक गटांच्या कामातून पक्कं झालं.

मग २०११. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातल्या लॉरा सॉडर, जोश नॉयफेल्ड आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याचे २७ मत्स्यालय-फिल्टर तपासले. अमोनियाचं ऑक्सिडेशन करणाऱ्या विकराचं जनुक क्यूपीसीआरने मोजलं. २७ पैकी २३ फिल्टरांत बॅक्टेरियापेक्षा आर्कियाची जनुकं जास्त निघाली, आणि त्यातल्या १२ मध्ये तर फक्त आर्कियाचीच. म्हणजे 'चांगले बॅक्टेरिया' या शब्दातला 'बॅक्टेरिया' अमोनियाच्या पायरीवर तरी बऱ्याच टाक्यांत डळमळीत झाला.

हा पेपर मला आवडतो. प्रश्न साधा, नमुने घराघरातले, आणि निष्कर्ष पाठ्यपुस्तकाला धक्का देणारा. पण त्याच्याकडून न सांगितलेल्या गोष्टी वदवून घेतल्या जातात. त्यांनी जिवाणूंच्या दोन तयार बाटल्याही तपासल्या होत्या आणि त्यांत आर्किया सापडले नाहीत. यावरून 'बाटल्या निरुपयोगी' असं ठोकून दिलं जातं. पेपरात बाटली टाकून अमोनिया उतरतो का, हा प्रयोगच नाही. त्यात फक्त जनुकं मोजलेली आहेत. जनुक असणं म्हणजे तो जीव काम करतोय असंही नाही. बंद पडलेल्या गिरणीतही यंत्रं मोजता येतातच की.

आणखी एक मर्यादा, जी २०११ साली लेखकांच्या हातात नव्हती. २०१५ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की नायट्रोस्पायराचे काही प्रकार अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करतात. विनोग्राडस्कीच्या १८९० च्या सुमाराच्या कामापासून चालत आलेली 'दोन पायऱ्या, दोन जीव' ही विभागणी तिथे मोडली. यातल्या एका गटाचा नमुना मत्स्यपालनाच्या, तेच पाणी फिरवून वापरणाऱ्या यंत्रणेच्या फिल्टरमधून आलेला होता. या जीवांचं जनुक इतकं वेगळं आहे की तोवरच्या नेहमीच्या प्रायमरांना ते पकडता येत नव्हतं. त्यामुळे त्याआधीच्या पेपरात 'अमुक गट प्रबळ' असं वाचलं की मनात 'ज्यांच्यासाठी प्रायमर होते त्यांच्यापैकी' असं जोडून वाचायचं.

आता आपल्या मुद्द्याशी या सगळ्याचा संबंध काय? सॉडर यांच्या पेपरच्या शीर्षकात शब्द आहे 'बायोफिल्टर'. त्यांनी फिल्टर तपासले. खडी आणि फिल्टर यांचा वाटा किती-किती, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. या प्रश्नाच्या जास्त जवळ जाणारं काम २०१४ चं आहे, त्यात बेल्जियमच्या गेंट विद्यापीठाचा आणि वॉटर्लूचा गट एकत्र होता. सहा गोड्या पाण्याच्या आणि एक खाऱ्या पाण्याची अशा टाक्यांवर चार महिने लक्ष ठेवून त्यांनी त्यातल्या तीन गोड्या टाक्यांचा नायट्रोजनचा जमाखर्च मांडला. टाकीत होणाऱ्या एकूण नायट्रोजन-रूपांतराचा किमान ८१ ते ८६ टक्के भाग फिल्टरमधल्या नायट्रीकरणाचा निघाला. तीनच टाक्या आहेत, हे विसरू नका. तुमच्या घरच्या टाकीला हा आकडा सरळ लागू करता येणार नाही. पण 'क्षमता मुख्यतः खडीत' या समजुतीच्या बाजूने तो नक्कीच नाही.

याहून ढोबळ पुरावा तर आपल्या आसपास आहे. झेब्राफिशवर काम चालणाऱ्या प्रयोगशाळेत कधी गेलात तर रॅकवरच्या टाक्यांच्या तळाकडे बघा. खडीचा एक दाणा नसतो. शेकडो मासे, उघडा तळ, आणि सगळं नायट्रीकरण मागच्या सामाईक फिल्टरमध्ये. याउलट आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या टाक्यांत अंडरग्रॅव्हल फिल्टर असायचा, अजूनही असतो: खडीखाली जाळीची प्लास्टिकची पाटी, कोपऱ्यात नळी, एअरपंपाने पाणी खडीतून खाली ओढलं जातं. तिथे खडी हाच फिल्टर. अशा टाकीत सगळी खडी एकदम काढणं म्हणजे फिल्टरच काढून फेकणं. माझा अंदाज असा की एक तृतीयांशाचा नियम याच काळात जन्मला असावा आणि पुढे हँगऑन, कॅनिस्टर, स्पंज फिल्टर आले तरी तो तसाच चालत राहिला. हा अंदाजच आहे, तो सिद्ध करणारा दस्तऐवज माझ्याकडे नाही.

समजा टाकीत वेगळा फिल्टर आहे आणि खडीतून पाणी मुद्दाम ओढलं जात नाही. अशा खडीत किती क्षमता असेल? इथे पाठच्या पानावरचं गणित करून बघू, कारण व्हायव्हामध्ये असंच विचारतात. टाकीचा तळ ६० बाय ३० सेंटीमीटर, खडीचा थर ५ सेंटीमीटर. आकारमान ९ लिटर. दाणे ३ मिलिमीटरचे गोल आणि पोकळी ४० टक्के धरली तर एका घनमीटर खडीत सुमारे १२०० चौरस मीटर पृष्ठभाग येतो. ९ लिटरमध्ये १०.८ चौरस मीटर. ३० सेंटीमीटर उंचीच्या चारही काचांची आतली बाजू मिळून भरते फक्त ०.५४ चौरस मीटर. वीसपट फरक! इथे थांबलं तर खडीवाल्यांचा दावा जिंकला.

पण नायट्रीकरणाला ऑक्सिजन लागतो, आणि भरपूर लागतो. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे ४.५७ ग्रॅम. पाणी वाहत नसलेल्या गाळात ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोचतो, हे १९८० च्या दशकापासून सूक्ष्म इलेक्ट्रोडनी पुन्हापुन्हा मोजलं गेलंय. जाड खडीत थोडं खोल, बारीक वाळूत किंवा घाण साचलेल्या खडीत आणखी वरच. आपण ५ मिलिमीटर धरू. मग कामाचा पृष्ठभाग उरतो १.०८ चौरस मीटर, म्हणजे काचांच्या फक्त दुप्पट. ५ च्या जागी १५ धरलेत तर सहापट होईल. उत्तर कुठे पडेल ते या एका आकड्यावर ठरतं, आणि तो आकडा प्रत्येक टाकीत वेगळा असतो. शिवाय पृष्ठभाग म्हणजे क्षमता नव्हे. फिल्टरच्या स्पंजमधून टाकीचं पाणी दर तासाला अनेकदा जातं, खडीपर्यंत अमोनिया हळूहळू झिरपत पोचतो.

या गणितातून नियमाचा एक लाजिरवाणा गुण बाहेर येतो. 'एक तृतीयांश काढा' म्हणजे काय? तळाच्या क्षेत्रफळाचा एक तृतीयांश, की खोलीचा? डावीकडची पट्टी पूर्ण खोलीपर्यंत काढली तर जिवंत थराचा एक तृतीयांश गेला. वरवरचा दीड सेंटीमीटर खरवडून काढला तरी तोही 'एक तृतीयांश'च, पण जिवंत थर जवळजवळ सगळा गेला. दोन माणसं नियम पाळून दोन वेगळे प्रयोग करतायत आणि निकाल एकमेकांना सांगतायत. तुमच्या सिनॉप्सिसमधल्या मेथड्समध्ये असं वाक्य सापडलं तर आरएसी तिथेच पेन ठेवेल.

तिसरं वाक्य, आठवड्यांचं. नायट्रीकरण करणारे जीव हळू वाढतात हे खरं. नव्या टाकीचं चक्र बसायला चार ते सहा आठवडे लागतात ते त्यामुळेच. पण नवी टाकी जवळजवळ शून्यापासून सुरू होते. वाढ दुपटीने होते, म्हणून कमतरता लॉगॅरिदमने मोजायची. ९९ टक्के जीव गेले तर पूर्वपदावर यायला सुमारे ६.६ दुपटी लागतील. निम्मे गेले तर एक. एक तृतीयांश गेले तर ०.५८. दुपटीचा काळ दोन दिवस धरला तर हे झाले साधारण १३ दिवस, २ दिवस आणि सव्वा दिवसाहून किंचित कमी. बायोफिल्ममध्ये वाढ याहून मंद असू शकते, ऑक्सिजन-अमोनिया अपुरे असतात, हे मान्य. तरी या नियमातले 'दोन-तीन आठवडे' कुठल्या मोजमापातून आले ते मला दिसत नाही. वेगळा फिल्टर असलेल्या टाकीत खडीचा वाटा एक पंचमांश असेल आणि त्यातला एक तृतीयांश काढला, तर एकूण क्षमतेतले सात टक्के गेले. तेवढं टेस्ट किटवर दिसणारही नाही.

आता चौथं वाक्य, आणि मला सगळ्यात जास्त खटकणारं. खडी बदलल्यावर मासे मेल्याचे अनुभव खरे आहेत. लोक खोटं बोलत नाहीत. पण त्या दिवशी टाकीत काय-काय झालं ते विचारा. मासे बादलीत काढले. पाणी ७०-८० टक्के बदललं. 'हात लागलाच आहे तर' म्हणून फिल्टरचा स्पंज नळाखाली, क्लोरीनच्या पाण्यात, पिळून पिळून धुतला. खडी उपसताना तळाचा वर्षभराचा गाळ पाण्यात मिसळला. नवी खडी कोणती होती? काही ॲक्वासॉइल पहिल्या काही आठवड्यांत स्वतःच अमोनिया सोडतात. संगमरवराचा चुरा किंवा शिंपल्यांचे तुकडे असलेली वाळू पाण्याची कठीणता आणि पीएच वर नेते, आणि पीएच वर गेला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो, ते आपण वर पाहिलं. इतकी कारणं एकाच दुपारी एकत्र आली आणि दोष मात्र 'खडीतले बॅक्टेरिया गेले' याला. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात, आणि याचं याहून घरगुती उदाहरण मला सुचत नाही.

यातल्या गाळाकडे मी सगळ्यात आधी संशयाने बघेन. जुन्या खडीच्या खालच्या थरात ऑक्सिजन नसतो. तिथे विष्ठा, अन्न, पानं कुजत असतात आणि दाण्यांमधल्या पाण्यात अमोनियम साठत जातं, कारण त्याचं रूपांतर करणारे जीव तिथे काम करू शकत नाहीत. खडी ढवळली की हे साठलेलं पाणी एकदम वर येतं. शिवाय मोकळा झालेला गाळ टाकीतला ऑक्सिजन खातो. म्हणजे अमोनियाची उसळी येईल, पण ती क्षमता गेल्यामुळे नव्हे, भार अचानक वाढल्यामुळे. टेस्ट किटला हा फरक कळत नाही. आणि हे कारण खरं असेल तर तीन हप्त्यांत खडी बदलणं म्हणजे तीनदा गाळ ढवळणं. मासे आत ठेवून!

काळ्या थराच्या भीतीबद्दलही एक शब्द. खालची खडी काळी पडलेली दिसली की 'हायड्रोजन सल्फाइड, सगळे मरतील' अशी ओरड होते. हा काळेपणा बहुतेकदा लोहाच्या सल्फाइडचा असतो. सल्फाइड तयार व्हायला सल्फेट लागतं. समुद्राच्या पाण्यात ते लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम असतं, गोड्या पाण्यात सहसा त्याच्या अगदी लहानसा अंश. खाऱ्या टाक्यांबद्दलचा इशारा गोड्या टाक्यांना जसाच्या तसा लावलेला दिसतो. कुजक्या अंड्याचा वास आला तर मासे बाजूला काढाच, पण रंग बघून घाबरू नका.

मग हे कसं तपासायचं? एमएस्सीच्या डिसर्टेशनला पुरेल एवढा हा प्रयोग आहे, म्हणून रूपरेषा देतो. सारख्या टाक्या, सारखी खडी, किमान चार-पाच महिने मुरलेल्या. निम्म्यांत मुरलेला स्पंज फिल्टर, निम्म्यांत अंडरग्रॅव्हल. प्रत्येक प्रकारात चार गट: खडीला हात न लावलेला, पूर्ण बदललेला, एक तृतीयांश क्षेत्रफळाने बदललेला, आणि चौथा गट, जो बहुतेक जण विसरतात: खडी पूर्ण बाहेर काढून, ढवळून, तीच परत ठेवलेला. या चौथ्या गटाशिवाय ढवळण्याचा परिणाम आणि जीव गमावण्याचा परिणाम वेगळे करताच येणार नाहीत. मुरवण्याच्या काळात ठरलेलं अन्न टाका, मासे ठेवू नका. जीव मरतात का हे मोजायची गरजच नाही. आधी दोन दिवस पाण्यातला अमोनिया नुसता नोंदवा, म्हणजे गाळातून किती सुटला ते कळेल. मग सगळ्या टाक्यांत अमोनियम क्लोराइड टाकून नायट्रोजनच्या हिशोबाने लिटरमागे २ मिलिग्रॅम पातळी करा आणि ती किती वेगाने उतरते ते दर काही तासांनी मोजा. हा वेग म्हणजे क्षमता. भार आणि क्षमता वेगळे मोजले गेले, तर अर्धं भांडण तिथेच मिटेल.

आकडेमोडीत एकच गोष्ट सांभाळा. एका टाकीतून दहा नमुने घेतले म्हणून एन दहा होत नाही, एन एकच राहतो. उपचार टाकीला दिलाय, म्हणून एकक टाकी. हर्लबर्टने १९८४ मध्ये याला सूडोरेप्लिकेशन म्हटलं आणि परिसरशास्त्रातले कितीतरी प्रयोग त्या चाळणीतून गळाले. एका गटात किमान चार टाक्या धरल्या तर आठ गटांना ३२ टाक्या लागतात. डिपार्टमेंटमध्ये एवढी जागा मिळणार नाही, तेव्हा पाच-पाच लिटरच्या बरण्यांवर करा आणि शीर्षकात 'मत्स्यालय' न लिहिता 'सूक्ष्म-प्रतिकृती' लिहा.

निकाल कसे वाचायचे तेही आधीच ठरवून ठेवा. स्पंजवाल्या टाक्यांत चारही गटांचा वेग सारखा निघाला आणि अंडरग्रॅव्हलमध्ये पूर्ण बदललेला गट कोसळला, तर नियम एका प्रकारच्या टाकीपुरता खरा ठरेल. स्पंजवाल्या टाक्यांतही पूर्ण बदललेला गट स्पष्ट मागे पडला, तर वरचं माझं ५ मिलिमीटरचं गणित चुकीच्या गृहीतकावर उभं आहे असं मी मानेन. आणि ढवळून परत ठेवलेल्या गटात पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त अमोनिया दिसला, तर इतकी वर्षं आपण जीवांच्या नावाने गाळाचा दोष सांगत होतो.

ज्यांच्या घरी खरोखर टाकी आहे आणि येत्या रविवारी खडी बदलायचीच आहे, त्यांनी प्रयोगाची वाट बघू नये. फिल्टर वेगळा असेल तर मासे आणि फिल्टर दोन्ही टाकीच्याच पाण्यात बादलीत चालू ठेवा, खडी सायफनने गाळासकट एकदम काढा, नव्या खडीवर आधी थोडं व्हिनेगर टाकून बुडबुडे येतात का बघा, आणि त्या आठवड्यात स्पंजला हात लावू नका. अंडरग्रॅव्हल असेल तर आधी महिनाभर त्याच टाकीत एक स्पंज फिल्टर चालवून मुरू द्या, खडी त्यानंतर काढा.